जिना, उंबरठा आणि आजी

बाजारपेठेतील जुन्या घरांची रचना व्यापाराच्या सोयीची. खाली दुकान, मागे वखार, वर बिऱ्हाड. मालक जिना उतरला की थेट गादीवर. आज त्याच अरुंद, उभ्या जिन्यामुळे ऐंशीच्या घरातील आजी महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. दुकानाला दर काही वर्षांनी नवी फरशी, नवे दिवे मिळतात. जिन्यात मात्र एकच मिणमिणता दिवा, आणि त्याचे बटण फक्त वरच्या टोकाला.

आजी पडल्या की धावपळ सुरू होते. मुलगा त्यांना पुण्याच्या फ्लॅटवर नेऊ म्हणतो, सून दिवसरात्र बाई ठेवू म्हणते. दोन्हींत माया आहेच. परंतु पाणी स्वतः गाळून उकळणे, सामायिकास आपल्या बळावर बसणे व उठणे, यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना आयता मिळालेला पेलाही जड होतो.

त्यापेक्षा घरातच थोडा फेरफार करणे स्वस्त पडते. सुरुवात न्हाणीघरापासून करावी. तेथे न घसरणारी फरशी, बसून स्नान करण्यास स्टूल आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का बसविलेला दांडा हवा. टॉवेल अडकविण्याची नळी आधाराला चालत नाही. अंगाचा भार पडताच ती उखडून हातात येते. दांडा कोणत्या बाजूस व किती उंचीवर, हे गवंड्याने नव्हे, आजींनी सांगावे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायऱ्यांच्या कडांना ठळक रंग आणि दिव्याचे बटण वरखाली दोन्हीकडे असावे. उंबरठा पूज्य खरा, पण अपरात्री ठेच त्याचीच लागते. दारापुढील पायरी 15 सेंटिमीटर उंच असेल, तर 1:12 या प्रमाणाने उतार 1.8 मीटर लांब लागतो. जागा वाचविण्यासाठी तो निम्मा केला, तर पायरी परवडली म्हणायची वेळ येते.

जपानने 2000 साली सुरू केलेल्या शुश्रूषा विम्यात दांडे बसविणे, उंचसखलपणा काढणे अशा घरफेरफाराचा खर्चही धरला आहे. आपल्याकडे हा खर्च पेढीनेच उचलायचा.

जिना झेपेनासा झाला, की वखारीतील एक खोली रिकामी करण्याचा विषय निघतो आणि लगेच मालाच्या जागेचा हिशेब मांडला जातो. खोली मिळाली तरी तिच्यात नुसती खाट टाकून भागत नाही. बसून काम करता येईल असा ओटा, एक शेगडी, पाण्याचा नळ आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी हवी. नाही तर आजी खाली येतात, स्वयंपाकघर वरच राहते आणि दुपारचे ताट नातवाच्या हाती जिना उतरत येते.