पॉलीला गेला म्हणजे वाया गेला?

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मुलगा कुठल्या ज्युनिअर कॉलेजला?" उत्तर "पॉलिटेक्निकला" असे आले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग "असू द्या, तेही काही वाईट नाही," असे सांत्वन मिळते. हे सांत्वनच मला मान्य नाही!

मी पासिर रिसला राहतो. इथे टॅम्पनीस मेरिडियन ज्युनिअर कॉलेज आहे आणि शेजारच्या टॅम्पनीसमध्ये १९९० साली स्थापन झालेले टेमासेक पॉलिटेक्निक. पहिल्याचे नाव घेताना आपली मान ताठ होते, दुसऱ्याचे घेताना आवाज खाली जातो. का बरे?

साधा हिशेब मांडू. ज्युनिअर कॉलेजची दोन वर्षे आणि इंजिनिअरिंगची चार, एकूण सहा. पॉलीचा डिप्लोमा तीन वर्षांचा. पुढे विद्यापीठाने त्यातल्या विषयांचे क्रेडिट धरले, तर पदवीचा काळ तेवढा कमी होतो आणि बेरीज जवळपास तीच येते. महाराष्ट्रात दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. मग विमानात बसल्यावर ते कौतुक कुठे जाते?

ज्युनिअर कॉलेजमधून इथल्या विद्यापीठांत जाणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे, हे खरे. पण तिथे दोन वर्षांची कसोटी मुख्यतः ए लेव्हलच्या एका परीक्षेवर लागते. पॉलीत प्रत्येक सत्र जीपीएमध्ये मोजले जाते. सतत काम करणाऱ्या, हाताने करून शिकणाऱ्या मुलाला ही पद्धत मानवते. माझ्या क्षेत्रात मुलाखती घेताना अशी मुले लगेच ओळखू येतात. ती व्याख्या सांगत बसत नाहीत, काय बांधले आणि ते कुठे अडले ते सांगतात.

माझी तक्रार दुसरीच आहे. क्रेडिट हा विद्यार्थ्याचा हक्क नाही, ते देणे विद्यापीठाच्या मर्जीवर आहे. भारतात २०२१ साली 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली, पण बँकेत जमा झालेले क्रेडिट पुढचे विद्यापीठ वटवेलच असे नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय सरकारी विद्यापीठात धरला जाईल, याचे करार आधीच जाहीर असतात. असा खुलेपणा सगळीकडे हवा.

तोवर पालकांनी एवढे करावे. डिप्लोमा निवडतानाच हव्या त्या पदवीसाठी कोणत्या विषयांची सूट मिळते, किती गुण लागतात, हे विद्यापीठाला लेखी विचारावे. आणि मंडळाने करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावर पॉलीतून पदवीपर्यंत गेलेल्या मुलांनाही मानाने बसवावे. आपल्या मुलांना सांत्वन नको आहे, माहिती हवी आहे.