पेढीची वेळ आणि पोटाची वेळ

जेवणानंतर तासन्‌तास पोट जड राहणे, करपट ढेकर येणे, भूक नसताना केवळ वेळ झाली म्हणून ताटावर बसणे, सकाळी पोट साफ न होणे, ही मंदाग्नीची लक्षणे व्यापारी कुटुंबांत इतकी परिचयाची झाली आहेत, की त्यांना तक्रार मानण्याचेही कोणाला सुचत नाही. चूर्णाची बाटली मात्र प्रत्येक घरात ठरलेली असते. अग्नी मंद कशाने झाला, याचा विचार क्वचितच होतो.

आयुर्वेदाने जठराग्नीच्या सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. पहिले अन्न पचण्यापूर्वी दुसरे घेणे, हे अग्नी बिघडण्याचे एक मुख्य कारण होय. आधुनिक शरीरशास्त्रही याच्या जवळ येते. साधे जेवण जठरातून पुढे सरकण्यास साधारण चार तास लागतात. तळलेले व तुपकट पदार्थ त्याहून अधिक काळ रेंगाळतात.

आता दुकानदाराचा दिवस पाहावा. गिऱ्हाईक ओसरल्यावर दुपारचा डबा तीन-साडेतीनला उघडतो. एक हात घासाला, दुसरा फोनला, आणि दहा मिनिटांत डबा रिकामा. हिवाळ्यात पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपूरकडे तर साडेपाचलाच. चौविहार पाळणारा गृहस्थ त्यापूर्वी पुन्हा जेवायला बसतो, तेव्हा दुपारचे अन्न जठरातच असते. जेथे चौविहार नाही, तेथे शटर ओढून रात्री साडेदहाला जेवण होते आणि अर्ध्या तासात अंथरूण गाठले जाते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन पचनाला हितकारकच आहे. पण त्याचा लाभ दुपारचे जेवण वेळेवर झाले तरच पदरी पडतो. ते साडेबाराच्या आत आटोपावे. दोघे भाऊ किंवा पिता-पुत्र आळीपाळीने गल्ल्यावर बसले, तर प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटे निवांत मिळू शकतात. तेवढा वेळ फोन बाजूला असावा. पोळी-भाताच्या पचनाला लाळेपासूनच आरंभ होतो. न चावलेल्या घासाचे ओझे जठरावर पडते.

दुसरा प्रश्न मात्रेचा. सहा बाह्य तपांत ऊनोदरीचे स्थान अनशनानंतर लगेच आहे. आगमांत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवलांचा मानला आहे. त्याहून काही कवल कमी घेणे ही ऊनोदरी. चरकसंहितेतही पोटाचा एक भाग घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफाच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. उपवास घडो न घडो, हे तप रोजच्या ताटावर कोणालाही करता येते. आग्रहाने वाढण्याची आपल्याकडील रीत मात्र त्याच्या आड येते. सायंकाळी पुरी, फरसाण यांऐवजी सालीच्या मूगडाळीची खिचडी, ज्वारीची भाकरी व दुधी, किंवा गव्हाची थुली पुरे.

तिथीच्या दिवशी हिरव्या भाज्या वर्ज्य असतात आणि ताटात बेसनाचे पदार्थ, पापड, तळणे वाढते. पोट अडण्यास तेवढे कारण पुरते. अशा दिवशी अख्खे मूग, थुली, ज्वारी-बाजरीची भाकरी यांतून चोथा मिळतो. चणे, वाटाणे, वाल रात्रभर भिजवून ते पाणी टाकून शिजवल्यास वायू कमी धरतो. जिऱ्याचे ताक पाचक आहे. मात्र द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी ते भाकरी-भाजीच्या जेवणात घ्यावे, त्यात डाळ नसावी. आले वर्ज्य असले तरी सुंठ चालतेच.

चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही सुटते. म्हणून नवकारसी पारल्यावर प्रथम कोमट पाणी घ्यावे आणि दिवसभर पेढीवर उकळलेल्या पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. सूर्य मावळताना घाईने चार पेले रिचवण्याने दिवसाची उणीव भरत नाही. सकाळच्या अल्पाहारानंतर आतड्यांची हालचाल स्वभावतःच वाढते; त्या वेळी आलेला वेग दुकानाच्या घाईत दाबल्यास मलावरोध जडतो. जेवणानंतर गादीवर लगेच लोड घेण्यापेक्षा शतपावली बरी.

अठ्ठाईसारख्या तपानंतर अग्नी नाजूक असतो. पारण्याला मुगाचे पाणी आणि पातळ राब, तीही थोडी थोडी, हाच क्रम योग्य. त्याच दिवशी मिष्टान्न वाढणारे नातलग प्रेमापोटी तपस्व्याला अपाय करतात.

सोनामुखीयुक्त चूर्ण वर्षानुवर्षे वैद्याला न विचारता घेणे टाळावे. दीर्घकाळचा मधुमेह, थायरॉइडची मंदता, लोहाच्या गोळ्या व काही औषधे यांमुळेही पचन किंवा शौच मंदावते. वजन घटणे, शौचात रक्त, वारंवार उलटी, घास अडकणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी तपापूर्वी औषधांच्या वेळा विचारून घ्याव्यात. “सीझन संपू दे, मग दाखवू,” असे म्हणत वडीलधारे टाळाटाळ करतात. तेव्हा तारीख मुलांनीच ठरवावी.

प्रत्येक पेढीवर रोजमेळ लिहिला जातो. पंधरा दिवस त्याच शिस्तीने एका कागदावर जेवणाच्या वेळा, खाल्लेले पदार्थ, दिवसाचे पाणी आणि सकाळची पोटाची स्थिती नोंदवावी. कोणत्या दिवशी पोट जड राहिले आणि त्या दिवशी डबा किती वाजता उघडला होता, हे शेजारी शेजारी दिसले, म्हणजे पहिली सुधारणा कोठे करायची ते घरच्या घरीच ठरवता येईल.