निवृत्तीनंतरचा पत्ता



या महिन्यात पासवर्ड कसे सांभाळावेत यावर लिहीन, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्यंतरी शेजारच्या घरात एक प्रकरण झालं आणि मी त्यात लॅपटॉपसकट अडकलो. त्या घरातल्या दोघांना विचारूनच लिहितोय. नावं तेवढी घालू नकोस म्हणाले, म्हणून घालत नाही.

आमच्या गल्लीत गेली नऊ वर्षं एक फौजी कुटुंब भाड्यानं राहतंय. साहेब आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन ३१ ऑगस्टला निवृत्त झाले. नायब सुभेदाराची नोकरी २८ वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी रिटायर! आमच्या आयटीत या वयात लोक नव्या होम लोनला सही करतात.

बेळगावला फौजी शेजार नवीन नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथलं, आणि गणेशपूर-हिंडलग्याकडं तर चार घरं सोडली की एक माजी सैनिक निघतो. पण हे कुटुंब ख्रिस्ती. मूळ गाव राहुरीच्या पुढचं. पहिल्या दिवशी माझ्या आईनं आडनाव ऐकलं, भिंतीवरचा क्रूस पाहिला आणि सरळ विचारलं, "तुम्ही मराठी कसे मग?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "मावशी, आम्ही कधी दुसरं कोण होतो?" अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं, तेव्हापासूनची ही घरं. आडनाव, भाषा, भाकरी सगळं तिथलंच. रविवारी कँपातल्या मराठी उपासनेला जातात, नाताळात करंज्या आणि शंकरपाळ्यांचं ताट आमच्याकडं येतं, दिवाळीत आमचं त्यांच्याकडं जातं. दोन्ही ताटांत फरक फार थोडा. मुलगी आईला म्हणते, एकाच वेळी करून ठेवा ना!

साहेब नऊ वर्षांतले जेमतेम चार इथं होते. आधी इथल्या मिलिटरी हॉस्पिटलला पोस्टिंग, मग लेह, मग तेजपूर. मुलांच्या शाळा नकोत मोडायला म्हणून कुटुंब इथंच राहिलं. शेवटचं पोस्टिंग मागून त्यांनी पुन्हा बेळगाव घेतलं. त्यांच्या खोलीत तीन काळ्या लोखंडी ट्रंका एकावर एक असतात. त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. बढती झाली की जुन्या रँकवर काळा हात मारायचा आणि नवी लिहायची. नीट पाहिलं तर 'ना. सु.'च्या खालून 'हव.' दिसतं आणि त्याच्याही खालून 'नायक'.

त्यांचा बेत पक्का होता. गावी वाटणीची दोन एकर जिरायत, त्यावर तीन खोल्यांचं घर, मागं शेळ्यांचं शेड. लेहला रात्रपाळीत वहीच्या मागच्या पानावर त्यांनी घराचा नकाशा काढला होता, तो मला दाखवला. खिडक्या कुठल्या दिशेला तेसुद्धा ठरलेलं. मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, जरा हिशेब बसवून दे."

आता हिशेब म्हटला की मला राहवत नाही. मी एक्सेल उघडली. ज्यांच्या घरात कुणी फौजेतून निवृत्त होणार आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेन्शन शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी बसते. त्या पेन्शनमधला निम्म्यापर्यंतचा भाग आधीच एकरकमी उचलता येतो. त्याला कम्युटेशन म्हणतात. उचललेला भाग दरमहा पेन्शनमधून कापला जातो आणि १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो. महागाई भत्ता मात्र मूळच्या पूर्ण पेन्शनवर मिळतो. शिवाय ग्रॅच्युइटी, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम आणि शिल्लक रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे. एवढी रक्कम साहेबांनी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती, आणि सगळी घरात घालायची ठरली होती. मी विटा, सिमेंट, बोअर, शेळ्या, मुलीचं कॉलेज, मुलाची शाळा, सगळ्यांच्या ओळी केल्या. रंगीत केल्या. स्वतःवर खूश होतो.

जानेवारीत पेन्शनचे कागद भरायला बसलो. तिथं पहिली ठेच लागली. वहिनींचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरं. चूक म्हणाल तर कुणाचीच नाही. घरी हाक मारायचं नाव वेगळं, बाप्तिस्म्याचं वेगळं. लग्न झालं तेव्हा जवान असलेल्या साहेबांनी कौतुकानं हाक मारायचं नाव सांगितलं, तेच लिहिलं गेलं. चर्चच्या विवाह दाखल्यावर बाप्तिस्म्याचं, आणि आधार त्यावरून. पंचवीस वर्षं कुणाला अडलं नाही. पण उद्या साहेबांचं बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शन मागणारी बाई तीच हे कागदानं कसं ओळखायचं? त्यासाठी प्रतिज्ञापत्र, दाखला आणि युनिटकडून पार्ट टू ऑर्डर काढून घेणं हे सगळं माणूस नोकरीत असतानाच करून घेतलेलं बरं. निवृत्तीनंतर तेच काम पत्रं पाठवून करत बसावं लागतं. तुमच्या घरचे कागद आजच काढून बघा, अक्षर न अक्षर.

वहिनी माझ्यासमोर चहा ठेवत होत्या. मी पुढचा रकाना वाचला, "निवृत्तीनंतरचा कायमचा पत्ता." साहेबांनी गाव, तालुका, जिल्हा सांगायला सुरुवात केली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "इथला लिहा."

साहेबांना वाटलं पत्रव्यवहारासाठी म्हणतायत. ते म्हणाले, "अगं, कायमचा विचारतायत."

"मी पण कायमचाच म्हणतेय."

मी स्क्रीनकडं बघत बसलो. अशा वेळी दुसऱ्याच्या घरात कुठं बघायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. साहेब काही बोलले नाहीत. उठले, बाहेरच्या पायरीवर बसले आणि बूट पॉलिश करू लागले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, बूट लागणार नव्हते.

वहिनी मग माझ्याशीच बोलल्या. वीस वर्षं त्या हा घराचा नकाशा ऐकतायत, कुणी त्यांना विचारलं नव्हतं. दरवर्षी सुट्टीत दोन महिने गावी जाऊन चुलीपुढं बसायचं त्यांनाच ठाऊक. गावात पूर्वी ख्रिस्ती मंडळींची पंधराएक घरं होती, आता तीन उरलीत. बाकीची पिंपरी-चिंचवडला गेली. चर्च महिन्यातून एकदा उघडतं, पाळक दुसऱ्या गावाहून येतात तेव्हा. "यांनी एकोणिसाव्या वर्षी सोडलेलं गाव यांच्या डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "मी दरवर्षी बघते ते वेगळं आहे."

आणि इथं? इथं त्या शाळांचे गणवेश शिवतात. जूनमध्ये त्यांच्याकडं उभं राहायला जागा नसते. रविवारच्या शाळेत त्यांच्याकडं बावीस मुलं. मुलगी बारावीला, म्हणजे आपल्याकडच्या पीयूच्या दुसऱ्या वर्षाला. कर्नाटकात सीईटीतून जागा मिळवायची तर पहिली ते बारावीत किमान सात वर्षं इथं शिकलेलं असावं, असा एक मुख्य नियम आहे. ती त्यात बसते. सीमेवरच्या आपल्या घरांना ही अडचण नवी नाही. इकडून तिकडं गेलं की मूल ना इथलं ना तिथलं. माझ्या एक्सेलमध्ये शेळ्यांच्या चाऱ्याची ओळ होती. वहिनींच्या शिलाईच्या उत्पन्नाची नव्हती. ते गेलं तर किती घट होईल, हे मी धरलंच नव्हतं. मी तरी त्यांना कुठं विचारलं होतं?

पुढचे आठ-दहा दिवस शेजारून आवाज येत नव्हता. भांडणाचासुद्धा नाही. संध्याकाळची घरप्रार्थना तेवढी व्हायची, ती भिंतीपलीकडून ऐकू येते. एरवी साहेब ढोलकी घेतात. फौजेतली ढोलकी, मंदिर परेडला आरतीलाही हेच वाजवायचे आणि नाताळात भजनालाही. त्या दिवसांत ढोलकी नव्हती.

मग एका संध्याकाळी साहेब आले. म्हणाले, "ते कम्युटेशनचं, सगळं उचललं नाही तर दरमहा किती राहतील, तेवढं बघून सांग." बस, एवढंच. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून दिले. घर बांधायचं नसेल तर एवढी रक्कम एकदम उचलायचं कारण नव्हतं. त्यांनी थोडी उचलली, मुलीच्या शिक्षणापुरती. पत्ता बेळगावचा गेला. नकाशाची वही मात्र वहिनींनीच जपून ट्रंकेत ठेवली, हे मला नंतर कळलं.

इथवर लिहून थांबलो असतो तर गोष्ट वहिनींच्या बाजूनं निकालात निघाली असती. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावाहून फोन आला. साहेबांच्या वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. साहेब रजा टाकून गेले. धाकटा भाऊ पिंपरीला कंपनीत, दोन खोल्यांत पाच माणसं. तो रडला, पण नेतो म्हणाला नाही. वहिनींनी लगेच सांगितलं, इथं आणा. घरमालकाशी बोलून जिन्याखाली कठडा बसवून घेतला, पलंग सांगितला. त्यांच्या मनात एक क्षणही दुसरं आलं नाही, हे मी पाहिलंय.

म्हातारेच येईनात. बायकोची कबर गावात, चर्चच्या मागं. तिच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली. चर्चची किल्लीही त्यांच्याकडंच असते. अडखळत एवढंच म्हणायचे, "किल्ली कुणाला देऊ?" साहेबांनी हरप्रकारे सांगून पाहिलं. आयुष्यभर रुग्णांना समजावलेला माणूस स्वतःच्या बापापुढं हरला.

ऑगस्टमध्ये डिस्चार्जसाठी लखनौला जाऊन आले, तिथंच मेडिकल कोअरचं सेंटर. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. आम्ही सगळे गेलो होतो, आईसुद्धा. पाळकांनी सुरक्षित परत आणल्याबद्दल देवाचे आभार मानले. नंतर मटण-भात. वहिनी सगळ्यांना वाढत फिरत होत्या आणि ज्याला त्याला सांगत होत्या, "परवा चाललेत."

म्हणजे ठरलं ते असं. साहेब गावी वडिलांकडं, वहिनी आणि मुलं इथं. किती दिवस, कुणीच बोलत नाही. अठ्ठावीस वर्षांत जेमतेम दहा-अकरा वर्षं एकत्र काढलेलं जोडपं, निवृत्तीनंतर एका छताखाली राहायचं एवढीच दोघांची इच्छा समान होती. वहिनी मला म्हणाल्या, "फील्ड पोस्टिंगच म्हणायचं. फक्त या वेळी रजा कुणाकडं मागायची ते माहीत नाही." हसून म्हणाल्या, पण सुईत दोरा ओवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

मला त्यांचा राग येतो म्हाताऱ्यांवर, हे कबूल करतो. आई म्हणते, तुला अजून कळायचं नाही. असेल.

कामाचं एक सांगायचं राहिलं. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, २००३ पासून आहे. अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिच्यात घेता येतं, त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा असते. वडिलांच्या कार्डाचे कागद मी भरले. नगरलाही पॉलिक्लिनिक आहे. या वेळी प्रत्येक नाव मी तीन कागदांशी ताडून पाहिलं, आणि वहिनींना शेजारी बसवून.

निघताना साहेबांनी एकच ट्रंक नेली. आदल्या दिवशी मुलगा रंगाचा डबा घेऊन बसला होता. रँकवर काळा हात मारून झाला आणि त्यानं विचारलं, "आता काय लिहू?" साहेबांनी थोडा विचार केला. नुसतं नाव लिहायला सांगितलं आणि खाली बेळगावचा पत्ता, पिनकोडसकट.

मुलीला इथंच नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती रोज रात्री फोनवर आजोबांचा व्यायाम घेते, बाप तिकडून उलटतपासणी करतो. परवा साहेबांनी फोटो पाठवला. आजोबा वॉकर धरून उभे, चार पावलं टाकली म्हणे. वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"मागं खुंट्याला ते काय बांधलंय, बघा बरं."

दोन शेळ्या होत्या.