छक्की कोणाकडे आहे?

एखाद्या माणसाचा खरा स्वभाव बघायचाय? मग त्याला कॉफी प्यायला नेऊ नका, ट्रेकलाही नको. सरळ पत्त्यांचा कॅट काढा आणि बदाम सात मांडा. अर्ध्या तासात सगळं कळतं. आमच्या ग्रुपमधला एक जण ऑफिसात म्हणे जबरदस्त ‘टीम प्लेअर’ आहे. पत्त्यांत मात्र तो किलवर छक्की शेवटपर्यंत दाबून बसतो आणि वर सगळ्यात मोठ्याने ओरडतो, ‘कोणाकडे आहे रे? टाका ना पटकन!’

मे महिन्याच्या सुट्ट्या ज्यांनी पत्ते कुटण्यात घालवल्या, त्यांना नियम सांगायला नकोत. पण वीकेंडला आमच्याकडे जमणाऱ्यांपैकी दोघांना फक्त ऊनो ठाऊक होतं, त्यामुळे मीच मास्तरीण झाले. तर ऐका. ५२ पानं सगळ्यांत वाटायची. ज्याच्याकडे बदाम सत्ती, त्याने ती टाकून सुरुवात करायची. मग पाळीला एकच पान. लागलेल्या सत्तीच्या खाली छक्की, वर अठ्ठी, नाहीतर दुसरी एखादी सत्ती. छक्कीवरून उतरत एक्क्यापर्यंत, अठ्ठीवरून चढत राजापर्यंत. लावण्यासारखं काहीच नसेल तर ‘पास’. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. बाकीच्यांनी उरलेल्या पानांचे गुण मोजायचे. आमच्याकडे एक्क्याचा १ आणि राजाचे १३.

ऐकायला एकदम पोरखेळ. पण थांबा. सत्ती बरोब्बर मधोमध. तिच्या खाली ६ पानं, वर ६. म्हणजे एक सत्ती अडवली तर त्या ओळीची १२ पानं अडकली. छक्की किंवा अठ्ठी अडवली तर ५. त्यात नियम असा कडक, की लावण्याजोगं पान हातात असताना पास म्हणता येत नाही. म्हणजे छक्की दाबायची तर दर पाळीला टाकायला दुसरं काहीतरी हवंच. हाच या खेळाचा फंडा! अठ्ठी-नव्वी-दश्शी ओळीने हातात आली, की तीन पाळ्यांची बेगमी झाली. रस्ता मोकळा झालेला राजा किंवा एक्का म्हणजे तर सोनं, कारण तो टाकल्याने दुसऱ्या कुणाचंच भलं होत नाही. म्हणून तो उगाच लगेच टाकायचा नाही. आणि त्याच ओळीतली पंजी, चौकी, तिर्री आपल्याच हातात असेल, तर छक्की अडवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

जपानमध्ये हाच खेळ ‘शिची नाराबे’ म्हणून खेळतात. तिथे चारही सत्त्या आधीच मांडून ठेवतात आणि पान असूनही पास म्हणता येतं. पण साधारणपणे तीनदाच, पुढच्या वेळी अडलात की आऊट. इंग्रजीत त्याला ‘सेव्हन्स’, ‘फॅन टॅन’ आणि चक्क ‘पार्लमेंट’ म्हणतात. कामकाज रोखून धरायच्या खेळाचं नाव पार्लमेंट! ज्याने ठेवलं त्याला सलाम.

माझ्यासाठी मात्र बदाम सात म्हणजे आई. करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेणारी, हॉटेलात ‘मला काहीही चालेल’ म्हणणारी, टीव्हीचा रिमोट कधीच न मागणारी. तीच आई पत्ते हातात आले की वेगळीच बाई होते. बाबांचे तीन पास झाले तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. बाबा गयावया करतात, ‘अगं, सोड ना ती चौकट छक्की!’ त्यावर ती शांतपणे म्हणते, ‘कुणी सांगितलं तुम्हाला, माझ्याकडे आहे म्हणून?’ आयुष्यभर सगळ्यांना वाट करून देणाऱ्या बाईला कुणाची वाट अडवायची मुभा असलेली घरातली ही एकच जागा असावी.

गेल्या दिवाळीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पानं ओळखायला वेळ लागत होता. दादाला वाटलं, आज आईला जिंकू द्यावं. त्याने आरामात धरून ठेवता आली असती अशी इस्पिक छक्की मुकाट्याने टाकली. आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

‘बदाम राणी लागून दोन फेऱ्या झाल्या. हे दोघं पास म्हणाले, माझ्याकडे नाही, म्हणजे राजा तुझ्याकडे. तो असताना छक्की कशाला सोडलीस?’

दादा गप्प.

‘खेळायचं तर नीट खेळा. नाहीतर मी उठते, चकलीचं पीठ मळायचंय.’

तिने त्याला छक्की परत उचलायला लावली आणि राजा टाकायला लावला. तो डाव आई हरली, चांगली ३१ गुणांनी. पुढचा डाव तिनेच पिसायला घेतला. ऑपरेशननंतर ‘आई, तू बस, आम्ही करतो’ हे दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला कुणीतरी बरोबरीने हरवणं किती हवं असतं, ते तिच्या पिसण्याच्या जोरावरून आम्हाला कळलं!

तेव्हा पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा मिठाईच्या बॉक्ससोबत एक कॅटही न्या. मोबाइल बाजूला ठेवा, सतरंजी अंथरा आणि घरच्यांना हरवायचा मनापासून प्रयत्न करा. फक्त कितीही पास झाले तरी आईकडे छक्की मागू नका. मिळणार नाही.