एरर परवडली, पण हे उत्तर नको!

सेलमध्ये #एन/ए दिसलं की ऑफिसात लोकांना घाम फुटतो. मला नाही फुटत. एक्सेल बिचारं प्रामाणिकपणे सांगतंय ना, की बाबा, नाही सापडलं! भीती वाटते ती छान फॉरमॅट केलेल्या चुकीच्या आकड्याची.

मागच्या क्वार्टरला आमच्याकडची इन्सेन्टिव्हची शीट तशीच निघाली. व्हीलुकअप लावलेलं, एरर एकही नाही. मेल जाणार, तेवढ्यात कालपरवा जॉइन झालेला मुलगा म्हणाला, "मॅडम, मला अठरा हजार कशाचे?" पोरगं भलतंच सज्जन! त्याचा कोड यादीत नव्हताच. पण फॉर्म्युल्याचा चौथा रकाना रिकामा सोडला, की व्हीलुकअप 'जवळपास' जुळणारं चालवून घेतं. नेमका कोड नसेल तर त्याच्या खालोखालचा उचलतं. त्यात यादी कोडच्या चढत्या क्रमाने नसेल तर काहीही येऊ शकतं. आमची नावांप्रमाणे होती. म्हणजे कुणाला कमीही मिळाले असते, आणि त्याला पत्ताही लागला नसता. चौथ्या जागी फॉल्स लिहा, विषय संपला. नवीन व्हर्जनमधलं एक्सलुकअप तर आपणहूनच नेमकं जुळणारं शोधतं.

दुसरा छुपा रुस्तम म्हणजे टेक्स्ट झालेले आकडे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून डेटा आणला की हे हमखास. बेरजेचं सम त्यांना चक्क वगळतं. पण तेच दोन सेल अधिकच्या चिन्हाने जोडा, उत्तर बरोबर! आकडे सेलच्या डावीकडे चिकटलेले दिसले की संशय घ्या. कॉलम सिलेक्ट करून टेक्स्ट टू कॉलम्स, आणि थेट फिनिश.

मोठमोठेही यातून सुटले नाहीत. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि विकासदरावरचा २०१० चा पेपर जगभर गाजला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून उघडली, तर सरासरीचा फॉर्म्युला पाच ओळी आधीच थांबलेला! वीसपैकी पाच देश बाहेर. वाद इतर गोष्टींवरही झाला, पण ही चूक त्यांनी मान्य केली.

रेंज तपासायला सेलवर एफ-टू दाबा, रंगीत चौकट दिसेल. फॉर्म्युल्याचा एखादा तुकडा सिलेक्ट करून एफ-नाइन दाबलं तर तेवढ्याचंच उत्तर दिसतं. मग एस्केप हं, एन्टर नाही. नाहीतर तो तुकडा जाऊन तिथे नुसता आकडाच बसेल.