वाढपी आणि बिलाची शेवटची ओळ

हॉटेलातील जेवणाच्या बिलावर शेकडा पाच-दहा, कोठे कोठे त्याहूनही अधिक, असा 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावावा की नाही, हा वाद २०२२ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. वाद दिल्लीचा असला तरी तसले बिल आपल्या इंदुरातही हातात पडते, म्हणून त्याची हकीकत आपणांस ठाऊक असलेली बरी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हा आकार बिलात परस्पर घालू नये, दुसऱ्या नावानेही उकळू नये, तो देणे गिऱ्हाइकाच्या खुशीवर आहे हे त्याला सांगावे, आणि देत नाही म्हणून कोणास दारातून परत फिरवू नये, असा त्यांचा आशय. पदार्थाच्या किमतीतच वाढण्याची मेहनत धरलेली असते, ही त्यामागची भूमिका. हॉटेलवाल्यांच्या दोन मोठ्या संघटना न्यायालयात गेल्या व त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी या सूचना उचलून धरल्या आणि संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरावयास लावला. संघटना अपिलात गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठाने त्यांना विचारले, की वीस रुपयांची पाण्याची बाटली शंभर रुपयांना विकता, मग वर आणखी आकार कशाचा?

हिशेब साधा आहे. हजार रुपयांच्या जेवणावर पाच टक्के जीएसटी धरून एक हजार पन्नास होतात. मध्ये दहा टक्के सेवेचा आकार शिरला की कर अकराशेवर बसतो आणि बिल अकराशे पंचावन्नावर जाते. म्हणजे सेवेचे शंभर आणि त्या सेवेवरील कराचे पाच.

परंतु मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चिंता वाटते. बक्षिशी हे वाढणाऱ्याच्या हाताला दिलेले उत्तर असते. तो आकार सक्तीचा झाला, की नीट वाढले तरी तेवढेच आणि न वाढले तरी तेवढेच. वाढणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण उरत नाही, आणि गिऱ्हाइकालाही 'पैसे भरले आहेत' या मिजाशीत त्याच्याशी दोन शब्द बोलण्याची गरज वाटत नाही.

आपल्या जुन्या पंगती आठवा. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हा क्रम ज्याला पाठ तो वाढपी झाला असे नव्हे. कोणाचा भात संपत आला, कोण संकोचाने 'पुरे' म्हणतो आणि कोणाला खरेच पुरे झाले, हे ज्याला न सांगता कळे, तो वाढपी. आमच्या गाण्यातही तबलजी ठेका धरून दुसरीकडे पाहू लागला, तर गाणारा कितीही सुरेल असो, मैफल जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका झगमगीत उपाहारगृहात आम्ही घरची सात माणसे गेलो होतो. बरोबर ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई. स्वयंपाक उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तिघांची पाने आली आणि चौघे पंचवीस मिनिटे ताटकळले. तिघांनी रीतीप्रमाणे हात आखडला आणि त्यांच्या पोळ्या वातड झाल्या. आत्याबाईंसाठी कमी मिठाची भाजी सांगितली होती, ती आलीच नाही. पाणी तीनदा मागावे लागले. बिलात दहा टक्के आकार होता. तो काढा म्हटल्यावर व्यवस्थापकाने वाढणाऱ्या मुलाला आमच्यासमोर बोलावले व म्हणाला, 'ये लोग तुम्हारा पैसा नहीं देना चाहते.' मुलगा विशीचाही नसेल. त्याने मान खाली घातली. जेवणाची उरलीसुरली चव तेथे गेली.

खरा दोष येथेच आहे. हा आकार नोकरांसाठी असल्याचे मालक सांगतात. नोकरांस पोटभर मिळावे याबद्दल कोणाचे दुमत असणार? मग तो पगार पदार्थाच्या किमतीत धरा. किंमत ठरविण्यास मालक मोकळा आहे आणि ती परवडते की नाही हे गिऱ्हाईक आत शिरतानाच पाहील. पगाराची जबाबदारी टाळून गिऱ्हाईक व वाढपी यांना समोरासमोर उभे करणे, ही मात्र चलाखी झाली.

आणि सराफ्यात पाहा. रात्री पेढ्या बंद झाल्यावर ओट्यापुढे उभे राहून खावे लागते, बसावयास पाट नाही की खुर्ची नाही. तरी साबुदाण्याची खिचडी कालविणारा मसाला हातात घेऊन आधी 'तीखा कितना?' विचारतो आणि म्हाताऱ्या माणसाला पाहून स्वतःच हात आवरता घेतो.

तूर्त एवढे करावे. पैसे देण्यापूर्वी बिलाची शेवटची ओळ वाचावी. आकार लावला असेल तर मालकाशी बोलावे, वाढणाऱ्या मुलाशी नव्हे. तरीही काढला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मुलाने नीट वाढले असेल, तर त्याचे पैसे त्याच्याच हातात द्यावेत.