अंगावरून वारं गेलं आणि स्टेम सेलवाला आला

लग्न ठरलं की इन्शुरन्सवाला येतो आणि बाळ होणार म्हटलं की कॉर्ड ब्लड बँकवाला. ‘मॅडम, नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढेमागे काहीही झालं तर कामाला येईल.’ यातलं ‘काहीही’ फार महत्त्वाचं. आपल्या पिढीला ‘स्टेम सेल’ हा शब्द असाच भेटला, चकचकीत ब्रोशरमधून, ईएमआयच्या तक्त्यासकट. त्यामुळे तो ऐकला की सायन्स फिक्शन आणि बँकेतली एफडी असं दोन्ही एकदम डोळ्यांसमोर येतं.

गेल्या महिन्यात तोच शब्द मला मावळात ऐकायला मिळाला. ना मॉल, ना हॉस्पिटलची लॉबी. एका ओट्यावर, समोर भाताची खाचरं.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा एक मित्र आहे. घर कामशेतला उतरून आत, नाणे मावळात. आठ महिन्यांपूर्वी पहाटे त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या हातातून चहाचा कप निसटला. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. आपण ‘स्ट्रोक’ म्हणतो, पेपरात ‘पक्षाघात’ छापून येतं, पण गावात म्हणतात ‘अंगावरनं वारं गेलं’. मग व्हायचं तेच झालं. आधी तेल लावून मालिश. कुणीतरी पारव्याचं रक्त चोळायचा सल्ला दिला. मग कामशेतचे डॉक्टर, मग ‘ताबडतोब पुण्याला न्या’. सीटी स्कॅन होईपर्यंत दुपार टळली होती.

आप्पा वाचले. काठी टेकत चालतात, अडखळत का होईना बोलतात. पण उजवा हात अजून मुठीत आवळलेला. आणि आता व्हॉट्सअॅपवरून एक पीडीएफ आलीय. ‘स्टेम सेल थेरपी, पक्षाघातावर आधुनिक उपचार’. पॅकेज काही लाखांचं, राहणं-खाणं वेगळं. चुलत्यांनी घरात जाहीर करून टाकलंय, ‘दहा गुंठे काढू, पण दादाला बरा करू.’ मावळात जमिनीचा भाव काय आहे ते वीकेंड होमवाल्यांना विचारा, गिऱ्हाईक एका फोनवर येतं. मित्र मला म्हणाला, ‘तू जर्नालिस्ट ना, जरा बघ ना हा काय फंडा आहे.’ मी निघताना आप्पांनी डाव्या हाताने थांबवलं. ‘हात वळंल का पोरी, एवढं इचारून सांग.’

म्हणून हा आठवडा मी रिसर्च पेपर वाचण्यात घालवला.

आधी बेसिक. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मेलेली चेतापेशी कातडीसारखी पुन्हा भरून येत नाही. म्हणून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, याबद्दल सगळ्यांना एवढं कौतुक. ज्या पेशीतून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात ती मेंदूत नेऊन सोडली तर? २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी ३० पेशंटच्या अभ्यासात पाच जणांना त्यांच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशी शिरेतून दिल्या. पाचही जण इतरांपेक्षा थोडे बरे दिसले. पण पाचच जण, बॉस! पाच जणांवरून तर ऑफिसात लंच कुठे मागवायचा तेही ठरत नाही.

यानंतरची मोठी परीक्षा आपल्याकडे झाली, आणि त्यात पुणं होतं. हे मला माहीत नव्हतं, बहुधा तुम्हालाही नसेल. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशावर, दिल्लीच्या एम्समधले डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत हा अभ्यास झाला. त्यातलं एक आपलं एएफएमसी, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज. १२० पेशंट घेतले. सगळे स्ट्रोक होऊन सात ते तीस दिवस झालेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि सरासरी २८ कोटी पेशी सलाइनसारख्या शिरेतून दिल्या. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी पेशंटची तपासणी ज्यांनी केली त्यांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण आपण पैसे आणि आशा दोन्ही ओतलेलं असलं की बोट एक सेंटिमीटर हललं तरी घरच्यांना चार सेंटिमीटर दिसतं.

निकाल २०१४ मध्ये ‘स्ट्रोक’ या जर्नलमध्ये आला. खाणं, अंघोळ, कपडे, चालणं अशी रोजची कामं पेशंट किती स्वतः करतो याचे शंभरपैकी मार्क देतात, त्याला बार्थेल इंडेक्स म्हणतात. पेशी मिळालेल्यांचे सरासरी मार्क ६३.१. न मिळालेल्यांचे ६३.६.

मी तो आकडा दोनदा वाचला. उपचार धोक्याचा निघाला नाही, पण फायदाही शून्य. आणि ‘आमचं जमलं नाही’ हे छापायचं धाडस या मंडळींनी केलं, म्हणून त्यांना माझा सलाम. पीडीएफमध्ये या अभ्यासाबद्दल एक ओळ नाही, हे सांगायला नकोच.

बाहेरच्या जगातही फारसं वेगळं घडलेलं नाही. कवटीला भोक पाडून थेट मेंदूत पेशी सोडण्याचा प्रयोग स्टॅनफर्डच्या टीमने १८ जणांवर केला. २०१६ मध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला. मग तीच पेशी १६३ जणांच्या नीट ट्रायलमध्ये घातली तर २०१९ मध्ये ती नापास. जपानमध्ये स्ट्रोकनंतर दीड दिवसाच्या आत पेशी देऊन पाहिल्या, २०६ पेशंट. २०२२ मध्ये कळलं, मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. ती पेशी बनवणारी अमेरिकन कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानने त्याच वर्षी स्टॅनफर्डवाल्या पेशीला सशर्त परवानगी दिली खरी, पण ती डोक्याला मार लागलेल्यांसाठी, स्ट्रोकसाठी नाही. ही बातमी कुणी अर्धी फॉरवर्ड केली तर हे लक्षात असू द्या.

मग संशोधन बंद पडलं का? तसं नाही, दिशा बदलली. शिरेतून दिलेल्या बऱ्याचशा पेशी आधी फुप्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत फार थोड्या जातात, हे आता कळलंय. आणि ज्या जातात त्या नवी चेतापेशी बनून बसत नाहीत. त्या रसायनं सोडतात, सूज कमी करतात, आसपासच्या अर्धमेल्या भागाला सावरतात. म्हणजे रोप लावण्यापेक्षा खत घालण्यासारखं. त्यामुळे आता काही जण पेशी बाजूला ठेवून तिच्यातून सुटणाऱ्या एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्याच वापरून बघतायत, काही जण पेशींबरोबर कसून व्यायाम जोडतायत. कुठल्या दिवशी द्यायचं, कुठून द्यायचं, किती द्यायचं, हे सगळं अजून प्रश्नचिन्हांत आहे.

ब्रोशरमधल्या नंबरवर मी फोन लावला. ‘काउन्सेलर’ मॅडम गोड बोलल्या. रिपोर्ट मागण्याआधी मेडिक्लेम आहे का विचारलं. मी विचारलं, ट्रायल आहे का, सीटीआरआय नंबर द्या. देशात होणाऱ्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची या सरकारी रजिस्टरमध्ये नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन बघता येते. मॅडम म्हणाल्या, ‘पेशंटच्याच सेल्स असतात ना, त्याला ट्रायल कशाला?’ इथेच खरी मेख आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांत होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर मंजूर ट्रायलमध्येच करायचा. २००७ च्या तत्त्वांच्या नावात ‘रिसर्च अँड थेरपी’ होतं, २०१३ मध्ये त्यातून ‘थेरपी’ शब्दच काढून टाकला. आणि खरी ट्रायल असेल तर प्रयोगातल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पॅकेजचा आकडा सांगितला, तिथेच उत्तर मिळालं.

‘नुकसान तरी काय?’ असं चुलते म्हणाले होते. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये एका अमेरिकन गृहस्थांची केस आली. स्ट्रोकनंतर ते चीन, अर्जेंटिना, मेक्सिको असे स्टेम सेलसाठी फिरले. पुढे त्यांच्या मणक्यात एक गाठ वाढली आणि ती तपासली तर बहुतांश पेशी त्यांच्या नव्हत्याच, दुसऱ्याच माणसाच्या होत्या!

तर आप्पांचं उत्तर. मी त्यांना फोनवर सांगितलं, की पेशींनी हात वळतो हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. सरावाने मात्र काही वळू शकतो. २००६ मधला एक अमेरिकन अभ्यास आहे, २२२ पेशंट, स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले. चांगला हात दिवसाचा बराच वेळ मोज्यात बांधून ठेवायचा आणि दोन आठवडे रोज कित्येक तास दुखऱ्याच हाताकडून काम करून घ्यायचं. त्यांच्यात खरा फरक पडला, वर्षभराने तपासलं तरी टिकलेला. अट एकच, मनगट आणि बोटं मुळात थोडी तरी हलत असली पाहिजेत. आप्पांची हलतात का हे फोनवर मी ठरवू शकत नाही, ते फिजिओथेरपिस्टने ठरवायचं. ‘घरच्यांनाच शिकवू, फिजिओ कशाला’ हाही प्रयोग भारतात झालाय, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट. २०१७ मध्ये निकाल आला, त्याने काही फायदा झाला नाही. आता तळेगावहून एक फिजिओ आठवड्यातून तीनदा बाइकवर येतात. आप्पा त्यांच्यावर जाम वैतागतात म्हणे, म्हणजे काम बरोबर चाललं असणार.

मला सगळ्यात टोचतेय ती त्या पहाटेची वेळ. गुठळी विरघळवणारं औषध स्ट्रोकनंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. तार घालून गुठळी ओढून काढायची सोय २०१५ पासून सिद्ध झालीय, निवडक पेशंटना २४ तासांपर्यंत. लोणावळा ते पुणे साठ-पासष्ट किलोमीटर. जुलैतल्या रविवारी भुशी डॅमची गर्दी उतरते तेव्हा हे अंतर किती तासांचं होतं, ते त्या गर्दीत उभं राहिलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. त्याच रस्त्यावर १०८ ची अॅम्ब्युलन्स असते. तोंड वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी मालिश नाही, घड्याळ बघायचं आणि १०८ लावायचा. रात्री सीटी चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे आज दुपारीच विचारून ठेवा. गावाकडच्या आईवडिलांसाठी तर नक्कीच.

मित्राने घरातल्या सगळ्यांचं बीपी मोजून घ्यायला लावलं. चुलत्यांचं वरचं १८० निघालं. त्यांना कधी काही त्रासच नव्हता. गोळी सुरू झालीय, पण ती ते रोज घेतात का यावरून चुलतीबरोबर रोज वाद असतो. दहा गुंठ्यांचा विषय दर रविवारी निघतो, अजून तरी सातबारा कपाटातच आहे.